यादीतून गळालेलं नाव

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या मोहल्ल्यात गरजूंना रेशनचं किट दिलं जातं. यादी पूर्वी वहीत असायची. मला संगणकाचं काम येतं, म्हणून ती मी फाइलमध्ये आणली. दोन छोटे प्रोग्रॅम लिहिले. एक नाव नोंदवणारा, दुसरा किट दिल्यावर नावापुढे खूण करणारा. दोन लॅपटॉप आणि एकच सामायिक फोल्डर.

वाटपाच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीतल्या एक खाला आल्या. यादीत त्यांचं नाव नव्हतं. "काल इथंच लिहून दिलं होतं रे बाळा," त्या म्हणाल्या. मागे रांग होती. कुणीतरी पुटपुटलं, "दरवर्षी असे दोन-चार येतातच." खाला काही न बोलता निघून गेल्या. मी तिथंच उभा होतो. मलाही वाटलं, संगणक कशाला खोटं बोलेल?

रात्री अर्जांचा गठ्ठा चाळला, तर त्यात त्यांचा अर्ज होता.

घडलं होतं ते असं. यादीत १४० नावं होती. खूण करणाऱ्या प्रोग्रॅमनं ती सगळी वाचून स्वतःजवळ ठेवली. तेवढ्यात नोंदणीच्या प्रोग्रॅमनं १४१ वं नाव घालून फाइल लिहिली. मग पहिल्यानं ३७ व्या नावापुढे खूण केली आणि आपल्याजवळची १४० नावांची यादी त्याच फाइलवर लिहून टाकली. दोन्ही प्रोग्रॅम आपापल्या जागी बरोबर होते. त्रुटीचा एकही संदेश आला नाही. फक्त खालांचं नाव पुसलं गेलं.

हे दुखणं जुनं आहे. युनिक्स घडवणाऱ्या डेनिस रिची आणि केन थॉम्पसन यांनी १९७४ सालच्या त्यांच्या प्रसिद्ध लेखात फाइलच्या कुलपांबद्दल लिहिलं आहे. त्यांच्या कामाच्या पद्धतीत कुलपं गरजेचीही नाहीत आणि पुरेशीही नाहीत, असं त्यांचं मत होतं. दोघं जण आपापली प्रत काढून एकच फाइल दुरुस्त करत असतील, तर नुसतं लिहिण्यापुरतं कुलूप गोंधळ थांबवू शकत नाही. आमचा गोंधळ नेमका हाच होता.

माझा पहिला उपायही फसवा निघाला. "कुलूप नावाची फाइल आहे का ते पाहा, नसेल तर बनवा," असं मी लिहिलं. पण पाहणं आणि बनवणं यांच्या मधल्या क्षणात दुसराही तेच पाहून आत शिरू शकतो. 'नसेल तरच बनव' हे एकाच दमात व्हायला हवं, आणि तशी सोय प्रणालीत असते. शिवाय कुलूप वाचण्याआधी लावायचं आणि लिहून झाल्यावरच काढायचं. नवी यादी वेगळ्या फाइलमध्ये लिहून शेवटी तिचं नाव बदललं, की वाचणाऱ्याला एक तर पूर्ण जुनी यादी मिळते किंवा पूर्ण नवी. अर्धवट कधीच नाही. पण तेवढ्यानं हरवलेली नोंद वाचत नाही. त्यात युनिक्सवरची बहुतेक कुलपं ही सभ्यतेची कुलपं असतात. ज्या प्रोग्रॅमनं विचारलंच नाही, त्याला ती अडवत नाहीत. शेवटी मी सोपा मार्ग धरला. आता यादीत एकच प्रोग्रॅम लिहितो, बाकीचे त्याला सांगतात.

कुरआनमधली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहिणाऱ्यानं न्यायानं लिहावं आणि साक्षीदार असावेत, असं ती सांगते. लहानपणापासून ऐकलेल्या या आयतीत लिहिणाऱ्यावर एवढा भर का, हे मला त्या रात्री कळलं. साक्षीदार म्हणून कागदाचा अर्ज होता. मी तो पाहायला उशीर केला.

दुसऱ्या दिवशी सहरीनंतर किट घेऊन खालांकडे गेलो. चूक माझी होती, मशीनची नव्हती, असं सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग कालच्या त्या माणसांना सांगशील का, मी खोटं बोलत नव्हते म्हणून?"

जुम्म्याच्या नमाजनंतर मी ते सगळ्यांसमोर सांगितलं. कागदी अर्ज आम्ही अजूनही ठेवतो.