नागासाकीची विहीण

आमच्या घरात जपान देशाचे नाव दोनच निमित्तांनी निघत असे. एक, फेब्रुवारी महिन्यात संत गोन्सालो गार्सियाचा सण आला की. आणि दुसरे, रात्रीची रोझरी आटोपल्यावर, हलक्या आवाजात, आमच्या थोरल्या मुलीविषयी बोलताना. ती संगणकाच्या नोकरीनिमित्त जपानला गेली आणि २०१४ साली तेथील एका बौद्ध तरुणाशी तिने विवाह केला. विवाह चर्चमध्येच झाला, बिशपांची रीतसर परवानगी घेऊन झाला. परंतु तिचे वडील गेले नाहीत, आणि ते गेले नाहीत म्हणून मीही गेले नाही. "ज्या मुलखाने आपल्या वसईच्या गोन्सालोला क्रुसावर चढवून भाल्याने भोसकले, त्या मुलखातल्या घरी माझी लेक नांदणार?" हे त्यांचे वाक्य घरातल्या सर्वांना पाठ झाले होते. मुलीशी ते फोनवर बोलत. पावसाची, वाडीची, शेजारपाजारची चौकशी होई. जावयाचे नाव मात्र त्यांच्या तोंडून कधी आले नाही. २०१९ साली ते प्रभूघरी गेले आणि ते नाव घ्यायचे राहूनच गेले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मी नागासाकीला गेले. हाकाता स्टेशनवरून निघालेली गाडी वाटेत एका स्थानकात थांबते, समोरच्याच फलाटावर दुसरी वेगवान गाडी उभी असते. इतकी माणसे एकीतून उतरून दुसरीत बसली, पण कोणी कोणाला धक्का म्हणून दिला नाही. विरार लोकलमध्ये आयुष्य घालवलेल्या बाईला हा पहिला चमत्कार वाटला! प्रवासाचे बाकी वर्णन करीत नाही. ते कोणत्याही पुस्तकात मिळेल.

माझी विहीण माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, ठेंगणी, विधवा. मुलगी, जावई आणि सात वर्षांचा नातू तिच्याच घरी राहतात. दाराशी तिने कमरेत वाकून नमस्कार केला, मी हात जोडले, आणि तेथेच आमचे संभाषण संपले. मला जपानी येत नव्हते, तिला मराठी येत नव्हते, आणि दोघींचे इंग्रजी 'थँक यू'पाशी थांबत होते.

पहिल्याच रात्री माझ्या हातून प्रमाद घडला. जेवताना काड्या बोटांत ठरेनात, म्हणून मी त्या भाताच्या वाडग्यात उभ्या खोचल्या आणि पदर सावरू लागले. नातू एकदम गप्प झाला. विहीणबाईने हात पुढे केला, काड्या अलगद काढल्या आणि चिनीमातीच्या छोट्या टेकणीवर आडव्या ठेवल्या. काहीच घडले नाही अशा चेहऱ्याने तिने मला आणखी लोणचे वाढले. मुलीने मागाहून सांगितले, "आई, इथे मृताच्या उशाशी ठेवलेल्या भातात काड्या अशा उभ्या रोवतात." मी ओशाळले. पण जेवणघराच्या कोपऱ्यात त्यांचा काळा लाकडी देव्हारा आहे, बुत्सुदान म्हणतात त्याला, तिकडे माझी नजर गेली ती याच गोष्टीमुळे. आत बुद्धाची लहान मूर्ती, शेजारी विहीणबाईंच्या यजमानांचा फोटो. आणि त्याच्या बाजूला, तशाच चौकटीत, ह्यांचा फोटो!

त्या रात्री मला झोप लागली नाही. प्रथम आला तो संताप. ज्या माणसाने या घराचे तोंड पाहिले नाही, त्याला विचारल्यावाचून येथे आणून बसवण्याचा अधिकार यांना कोणी दिला? रोझरीचे मणी ओढताना मनात एकच विचार, की हे असते तर काय म्हणाले असते, आणि आमच्या धर्मग्रामात हे कळले तर लोक काय म्हणतील. जपानमधील कॅथलिक कुटुंबांना हा पेच फार जुना आहे. तेथील अंत्यविधी, विवाह इत्यादी प्रसंगींच्या रूढी आता केवळ आदर व सौजन्य दर्शविणाऱ्या आहेत, असे मानून १९३६ साली रोमने श्रद्धावंतांची वाट बरीचशी मोकळी केली होती. पण हे मी पुष्कळ पुढे वाचले. त्या रात्री मला त्यातले काही ठाऊक नव्हते.

पहाटे उठले तो स्वयंपाकघरात दिवा होता. विहीणबाई तांदूळ धूत होती. आपण तांदूळ धुतो, पण इतक्या निगुतीने नाही. पाणी निवळेपर्यंत तिने चार वेळा ते बदलले. भात झाल्यावर पहिला घास एवढासा भात दोन लहान वाट्यांत काढून तिने देव्हाऱ्यात ठेवला, एक वाटी तिच्या यजमानांपुढे, दुसरी ह्यांच्यापुढे. छोटी घंटा वाजवली. मग वळून तिने मला विचारले, "पान?"

मी चकित झाले. आमच्या वाडवडिलांनी वसईत पानवेलीच्या वाड्या केल्या, पण सकाळच्या प्रहरी विड्याचे पान कोण विचारतो? मी मान डोलावली, तर तिने पावाचे दोन तुकडे भाजून पुढ्यात ठेवले. पोर्तुगीज १५४३ साली जपानच्या किनाऱ्याला लागले, वसईत ते त्याच्या थोडे आधी आले होते. त्यांच्या 'पाँव'चा आपण पाव केला, जपान्यांनी पान केले. नागासाकीचा प्रसिद्ध कास्तेला केकही त्यांचाच. त्यात लोणी नाही, दूध नाही, केवळ अंडी, साखर, मैदा आणि थोडा साखरेचा पाक. मांसाहार वर्ज्य असलेल्या चार ऋतूंच्या उपवासांना लॅटिनमध्ये 'क्वातुओर तेम्पोरा' म्हणत, त्यावरून जपानचा तेम्पुरा आला असे पुष्कळ अभ्यासक मानतात. प्रायश्चित्त काळातल्या पहिल्या शुक्रवारी विहीणबाईने कोळंबीचा आणि रताळ्याचा तेम्पुरा तळला, तेव्हा मुलीने तिला हे समजावले. ती हसली. तिला वाटत होते की तेम्पुरा त्यांचाच.

रोज पहाटे मी तिच्याजवळ उभी राहू लागले. त्यांच्या साऱ्या स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी नावाचे पाणी. कुप्याच्या जातीचा एक मासा उकडून, धुरावर धरून, लाकडासारखा कडक होईपर्यंत सुकवतात. सुताराचा रंधा उलटा बसवावा तशी एक लाकडी पेटी असते, तिच्यावर तो घासला की पातळ सालपटे खाली खणात पडतात. कोम्बू नावाचे सुके समुद्रशेवाळ पाण्यात भिजवायचे, पाणी तापवायचे, उकळी येण्यापूर्वी शेवाळ काढून घ्यायचे, मग सालपटे टाकून गाळायचे. एवढेच. त्या वासाने मला पावसाळ्यात कांद्यावर परतलेल्या सोड्यांची आठवण झाली. सुकी मासळी ज्याच्या घरात आहे तो परका कसा वाटणार! मिसो मात्र माझ्याकडून दोनदा बिघडले. सोयाबीन आंबवून केलेला तो लगदा (नागासाकीकडे जवाचा, किंचित गोडसर असतो) उकळत्या रश्शात टाकायचा नसतो. आच बंद करून पळीत विरघळवायचा. मी आपल्या सवयीने चांगली उकळी आणली. तिने चव घेतली, डोळे मिटले, आणि ते सगळे निमूट प्यायली.

पाच फेब्रुवारीला आम्ही निशिझाका टेकडीवर गेलो. रेल्वे स्टेशनपासून ती चालत जाण्याइतकी जवळ आहे. १५९७ साली याच दिवशी येथे सव्वीस जणांना क्रुसावर मरण आले. एका लांब भिंतीवर त्यांचे ब्राँझचे पुतळे ओळीने आहेत, पाय जमिनीपासून सुटलेले. त्यांतला आपला गोन्सालो शोधून मी त्याच्या समोर उभी राहिले आणि ह्यांच्या वतीने एक प्रार्थना म्हटली. मग सहज बाकीचे मोजू लागले. चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा, एक आपला. उरलेले वीस जपानी. त्यांतला लहानगा लुईस बारा वर्षांचा. हे ह्यांना ठाऊक नव्हते असे नाही. आपल्या धर्मग्रामात ही कथा दर वर्षी सांगितली जाते. पण 'तो मुलूख' म्हणताना त्या वीस जणांची गणती त्यांनी केली नव्हती, आणि त्यांच्या बाजूला बसून मीही केली नव्हती. विहीणबाई थोडी मागे उभी होती. भिंतीपुढे ती वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली.

परतताना मी मुलीला म्हटले, "डुकराचे मांस घे, इंद्याल करते." मिरच्या, जिरे आणि हळद मी पिशवीतून नेलीच होती. पाटा-वरवंटा नव्हता. विहीणबाईने आतून रेघा असलेला मातीचा खल काढून दिला, त्यात मसाला वाटला. आपला ताडीचा सिरका तेथे कुठला! तांदळाचा वापरला, तो सौम्य असतो, म्हणून थोडा जास्त घातला. लसूण सोलायला दोघी बसलो. तिने एकेक पाकळी पाण्याने धुऊन ठेवली, मी तशीच टाकली. इंद्याल दुसऱ्या दिवशी मुरल्यावरच खावे हे मी खुणेने सांगितले. तिने मान हलवली आणि भांड्यावर झाकण घातले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाने मांडताना पाहिले, तर देव्हाऱ्यात ह्यांच्या फोटोपुढे भाताच्या वाटीशेजारी दुसरी वाटी होती, तिच्यात इंद्यालाचे दोन तुकडे. मुलगीही क्षणभर थबकली. "आई, इथे देव्हाऱ्यात मांस ठेवत नाहीत," ती म्हणाली. तिने सासूला काही विचारले आणि उत्तर मराठीत सांगताना तिचा आवाज भरून आला. "त्या म्हणतात, माझे यजमान बौद्ध, त्यांना नुसता भात पुरे. पण तुझे बाबा ख्रिस्ती होते, आणि तू सांगितले होतेस की त्यांना हे फार आवडायचे."

देव्हाऱ्यातला नैवेद्य थोड्या वेळाने खाली काढून घरच्यांनी खायचा अशी तिकडची रीत आहे. तिने ती वाटी माझ्यापुढे ठेवली. मी क्रुसाची खूण केली, ती हात जोडून 'इतादाकिमास' म्हणाली. सिरका कमीच पडला होता.

वसईला आल्यावर मी आठवड्यातून एकदा मिसो करते. मुलगी डबे पाठवते. माशाची सालपटे संपली की सुकट घालते. विहीणबाईला हे फोनवर सांगितले तेव्हा ती खळखळून हसल्याचे ऐकू आले. ऑक्टोबरच्या शेवटी मुलीने फोनवर विचारले, "आई, मृतांच्या सणाला तू बाबांचे नाव मिस्सेसाठी देशील ना? माझ्या सासूबाई विचारताहेत, त्यांच्या यजमानांचे नाव त्याच्याखाली लिहिता येईल का?"

मी फादरांना विचारले. ते म्हणाले, "खुशाल लिहा." दोन नोव्हेंबरच्या आधी कचेरीत गेले. वहीवर बसलेल्या मुलाने ह्यांचे नाव झटकन लिहिले. दुसरे नाव मी अक्षर अक्षर सांगितले. लिहिता लिहिता तो थांबला.

"बाई, हे कोणत्या गावचे?"

"नागासाकीचे," मी म्हटले. "आमचे व्याही."

त्याने लिहून घेतले.