सोबतीची पारख

प्रवासास निघावयाचे ठरले की घरोघर याद्या होऊ लागतात. पांघरूण, औषधे, तांब्या, दोरी, विजेरी. साधी पिशवी घ्यावयाची झाली तरी आपण चार दुकाने हिंडतो, शिवण ताणून पाहतो. सोबती मात्र बहुधा ओटल्यावरच्या गप्पांतच ठरून जातो. “तुम्ही निघालात? मग आम्हीही येतो!” असे कोणी म्हणावे आणि आपण भिडेस्तव मान डोलवावी. ज्याच्या घोरण्याशेजारी महिनोन्‌महिने निजावयाचे, ज्याच्या पावलांच्या बेताने चालावयाचे, त्याची निवड इतक्या सहजी व्हावी याचे आम्हांस नवल वाटते.

महाभारतात यक्षाने धर्मराजाला विचारले, प्रवाशाचा मित्र कोण? वाटेवरची सोबत, असे धर्मराजाने उत्तर दिले. घरी असणाऱ्याचा मित्र त्याने निराळा सांगितला, आजाऱ्याचा निराळा. घरचा जिवलग तोच वाटेवरचाही सोबती, असे त्या सूज्ञ पुरुषाने गृहीत धरले नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

हा विचार आम्हां उभयतांना मनावर घ्यावा लागला तो नर्मदा परिक्रमेच्या निमित्ताने. निवृत्तीनंतर ती पायी करावी हा आमचा जुना संकल्प. इंदूरकरांना नर्मदा परकी नाही. आमच्या नळाला येते ते तिचेच पाणी. पण १३१२ किलोमीटर लांबीच्या नदीच्या दोन्ही तीरांनी जावयाचे म्हणजे सुमारे २६०० किलोमीटरांची चाल. नदी सदैव उजव्या हाताला ठेवावयाची, प्रवाह ओलांडावयाचा नाही. मुक्काम मिळेल तेथे, अन्न मिळेल ते. बेत ऐकून आमच्या शेजारच्या भाऊसाहेबांनी आणि वहिनींनीही येण्याची इच्छा दर्शविली.

तीस वर्षांचा हा शेजार. आमच्या मुलाची मुंज त्यांच्या अंगणात झाली, त्यांच्या लेकीची पाठवणी आमच्या दारातून. नाही म्हणावे तर मन दुखावणार. होय म्हणावे आणि अर्ध्या वाटेत बिनसले तर? परिक्रमा पुन्हा करता येईल, असा स्नेह काही या वयात नव्याने जोडता येणार नाही.

अशा वेळी आम्हांस विष्णुभट गोडसे आठवले. १८५७ साली कोकणातील वरसईहून ते आपले काका रामभट यांच्याबरोबर निघाले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, घरचे कर्ज फिटेल, ही आशा. पुढे बंडाची धामधूम उसळली. १८५८ साली झाशी पडली तेव्हा काका-पुतणे शहरातच होते. गाठीचे लुटले गेले. तरीही अखेरीस विष्णुभट गंगेची कावड घेऊन आईवडिलांपाशी परतले. ‘माझा प्रवास’ या नावाने ती हकिकत १९०७ साली प्रसिद्ध झाली. त्या दोघांच्या वयात अंतर होते. परंतु कर्ज एकाच घराचे होते आणि परतावयाचे दारही एकच होते. हेतू एक असला की स्वभावांचे अंतर सोसते, असे आम्हांस वाटते.

तथापि हेतू जुळला तरी तीन गोष्टी पाहाव्याच लागतात: चाल, पैसा आणि पहाट. एकाला झपाझप जाऊन उन्हाआधी मुक्काम गाठावयाचा असतो, दुसऱ्याला प्रत्येक पिंपळाखाली टेकावयाचे असते. एक चहाचे पैसे विसरतो, दुसरा ते मनात ठेवतो. यांतला दुसरा अधिक अवघड. आणि चारला उठून भांडी वाजविणारा व सातपर्यंत पांघरूण न सोडणारा, हे दोघे एका खोलीत आले की देवाचे नावही कानाला गोड लागत नाही!

म्हणून होय-नाही न म्हणता आम्ही सुचविले, “आधी ओंकारेश्वरी जाऊन येऊ.” तेथे मांधाता पर्वताची प्रदक्षिणा सुमारे सात किलोमीटरांची, चढउताराची. चौघे गेलो. आम्ही पुढे निघालो. भाऊसाहेब प्रत्येक पडक्या देवळाशी थांबले, भेटेल त्याचे गाव विचारीत राहिले. वहिनींचा गुडघा चढावर दुखू लागला, पण त्यांनी कुरकुर केली नाही. पै-पैशाचा हिशेब मात्र छोट्या वहीत चोख लिहिला. सायंकाळी घाटावर बसलो असता भाऊसाहेब म्हणाले, “तुमच्या पाठीकडे बघत चालायचं, तर माईकडे बघायचं केव्हा?”

“आणि तुमची वाट बघत थांबलं, की आमचे पाय आखडतात,” आम्ही म्हणालो.

हसणे झाले, आणि मग कित्येक दिवस जे जिभेवर येत नव्हते ते बोलता आले. वाटेचा तोडगा नदीनेच दिला. ती सतत उजव्या हाताला. मागे राहिलेल्यास वाट चुकण्याची धास्ती थोडी. तेव्हा रोज सकाळी रात्रीचा मुक्काम ठरवावा आणि ज्याने त्याने आपल्या पावलांनी जावे. सूर्यास्तानंतर कोणीही चालू नये. शिध्याचा पैसा सामायिक, बाकीचा ज्याचा त्याचा, वही वहिनींकडे. गुडघ्याने नकार दिला तर त्यांनी पुढचा टप्पा वाहनाने करावा, त्यात कमीपणा मानू नये, आणि आम्ही दिवसेंदिवस खोळंबून उपकाराचा भाव दाखवू नये. कोणाला परत फिरावेसे वाटले तर कारण विचारू नये. हे शेवटचे कलम भाऊसाहेबांनी घातले, आणि आमच्या मनावरचा भार त्यानेच उतरला.

आवडीनिवडी जुळणारा सोबती शोधण्यात पुष्कळांचा प्रवास राहून जातो. सोबत खांद्याला खांदा लावूनच करावी असे नाही. ज्याला “तुम्ही पुढे व्हा” असे निःसंकोच सांगता येते आणि जो पुढे जाऊनही संध्याकाळी मागच्या वाटेकडे डोळे लावून बसतो, तो सोबती चांगला.

चातुर्मास सरल्यावर, कार्तिकी एकादशीनंतर निघावयाचे आहे. परवा वहिनींनी बजावले आहे, “तुम्ही आधी पोहोचाल हे उघडच आहे. आमच्या पथाऱ्या घालून ठेवा, भिंतीकडेच्या.”