बिडाचा खांब

माझे बाबा एका वकिलांकडे कारकून होते आणि त्या वकिलांचं ऑफिस काळ्या घोड्याजवळच्या एस्प्लनेड मॅन्शनमध्ये होतं. ऑफिस म्हणजे प्लायवूडची पार्टिशनं घालून केलेला एक गाळा. दोन टेबलं, एक टाइपरायटर आणि लाल फडक्यात बांधलेल्या कागदपत्रांचे छताला भिडलेले गठ्ठे. मे महिन्याच्या सुट्टीत बाबा मला कधीमधी बरोबर न्यायचे. त्या गाळ्याच्या कोपऱ्यात एक जाड गोल खांब अर्धा आमच्याकडे आणि अर्धा पार्टिशनपलीकडे होता. भर उन्हाळ्यात गाल टेकवला तरी गार लागायचा. कॅलेंडर त्याला सुतळीने बांधलेलं होतं. ‘बीड आहे ते. खिळा नाही जायचा त्यात,’ बाबा म्हणाले होते.

त्या खांबाची हकिकत मला पुढे कॉलेजात असताना समजली, तीही रस्त्यापलीकडच्या डेव्हिड ससून लायब्ररीत बसून. एस्प्लनेड मॅन्शन म्हणजे पूर्वीचं वॉटसन्स हॉटेल. जॉन वॉटसन हा कापडाचा इंग्रज व्यापारी. १८६० च्या दशकात बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत किल्ल्याचे तट पाडले गेले आणि एस्प्लनेडची मोकळी जागा बांधकामाला मिळू लागली. वॉटसनने तिथे हॉटेल उभारायचं ठरवलं. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनिअरचा. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनच्या अजस्र छपराच्या कामातही तो होता. खांब, तुळया, कठडे इंग्लंडमध्ये ओतून घेतले, जहाजाने मुंबईला आणले आणि इथे जोडले. मधल्या जागा विटांनी भरल्या. १८६७ ते १८६९ या काळात हे काम झालं. १३० खोल्या, मधल्या चौकावर काचेचं छप्पर. ज्या घोड्याच्या पुतळ्यावरून त्या नाक्याला नाव पडलं, तो पुतळाही तेव्हा तिथे आलेला नव्हता.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. इथे सगळा भार सांगाड्यावर आहे, भिंतींवर जवळजवळ नाहीच. म्हणून तर साहेबांसाठी एवढ्या मोकळ्या, हवेशीर खोल्या काढता आल्या. आणि हॉटेल बंद पडल्यावर त्याच कारणाने कुणीही कुठेही पार्टिशन टाकू शकलं. ऑर्डिशच्या हिशेबात आमचा गाळा नव्हता, पण त्याला जागा ऑर्डिशनेच करून ठेवली होती.

१८९६ हे या हॉटेलचं मोठं वर्ष. जानेवारीत मार्क ट्वेन इथे उतरला. मुंबईच्या कावळ्यांवर त्याने आपल्या पुस्तकात लिहिलेली पानं लोक अजून हसत वाचतात. त्याच पुस्तकात, हॉटेलात पाऊल टाकल्याबरोबर दिसलेला एक प्रसंगही आहे. सज्ज्याच्या दाराशी गुडघे टेकून काम करणाऱ्या एका देशी नोकराच्या तोंडात तिथल्या जर्मन माणसाने चापट मारली, आणि काय चुकलं ते नंतर सांगितलं. ट्वेनला आपल्या बालपणीचे गुलाम आठवले. तो प्रसंग वाचून मी पुस्तक मिटलं. त्या नोकराचं नाव ट्वेनने लिहिलेलं नाही. बाबा ज्या जिन्याने रोज चढायचे, त्याच इमारतीत हे घडलं होतं.

सहा महिन्यांनी, ७ जुलैला, ल्युमिए बंधूंचा माणूस मारियस सेस्तिये याने इथे सहा छोटी चलचित्रं दाखवली. तिकीट एक रुपया. भारतात पडद्यावर हललेली ती पहिली चित्रं. मुंबईतल्या त्या खेळांनी हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर या फोटोग्राफरला, म्हणजे सावेदादांना, असं वेड लावलं, की त्यांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला कुस्तीचं चित्रण केलं. आपल्या माणसाने आपल्या मातीतली कुस्ती टिपली, याचा मला अजून अभिमान वाटतो. जमशेटजी टाटांना वॉटसनच्या दारातून परत पाठवलं आणि म्हणून त्यांनी ताज हॉटेल बांधलं, ही गोष्ट मात्र मी कुणाला सांगत नाही. तिला पक्का पुरावा नाही. आणि १९०३ साली उघडलेल्या, सीताराम खंडेराव वैद्यांसारख्या इंजिनिअरने आखलेल्या ताजला मोठेपणासाठी कुणाच्या अपमानाची गरजही नाही.

त्यानंतर वॉटसनच्या हॉटेलची रया गेली आणि ते बंद पडलं. चौकाभोवती वकील, टायपिस्ट, नोटरी, झेरॉक्सवाले आणि काही कुटुंबं राहू लागली. हायकोर्ट आणि सेशन्स कोर्ट दोन्ही हाकेच्या अंतरावर, त्यामुळे गाळ्यांना मागणी. भाडी गोठलेली, त्यामुळे दुरुस्ती कुणाच्याच गळ्यात नाही. २००५ च्या पावसाळ्यात सज्ज्याचा भाग कोसळला आणि एकाचा जीव गेला. त्याच वर्षी जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या शंभर वास्तूंच्या यादीत या इमारतीचं नाव आलं होतं. २०१९ मध्ये हायकोर्टाच्या आदेशाने ती रिकामी झाली. तिथून गठ्ठे उतरवणाऱ्यांत बाबांच्या वेळचे दोघे कारकून होते. एकाने मला ओळखलं. ‘आता अशिलांना पत्ता काय सांगायचा?’ एवढंच ते बोलले. चाळीस वर्षं तिथे बसलेल्या माणसाचा तो प्रश्न ट्वेनच्या कावळ्यांइतकाच या इमारतीच्या इतिहासाचा भाग आहे, असं मी मानते.

इमारत पाडावी, असा आयआयटीचा अहवाल त्याच वर्षी आला. वारसा जपणाऱ्या तज्ज्ञांनी विरोध केला. मी त्यांच्या बाजूची आहे. जी वास्तू सुट्या भागांत जहाजातून आली, तिचा गंजलेला, तडकलेला भाग उतरवून तसाच दुसरा ओतून बसवता येईल. वेळ लागेल, पैसा लागेल, पण पाडून मिळणार काय? वरच्या मजल्यांवर पुन्हा हॉटेल आलं तरी चालेल, सिनेमाचं संग्रहालय आलं तर फारच छान. तळमजल्यावर मात्र वकील, टायपिस्ट आणि झेरॉक्सवाले यांना गाळे द्यावेत. कोर्टं काही तिथून हललेली नाहीत.