दोन बोटांची शाई

"बाई, तुम्ही दोनदा मत दिलंत?"

सातवीच्या पेपराला मी उत्तरपत्रिका वाटत होते. पहिल्या बाकावरच्या मुलीने हा प्रश्न केला आणि सारा वर्ग पेपर सोडून माझ्या डाव्या हाताकडे बघू लागला. ही गोष्ट २०१४ सालच्या एप्रिलमधली. नाशिकचे मतदान २४ तारखेला झाले, त्याचा हा दुसरा दिवस. नाशिकरोडच्या एका शाळेत मी तेव्हा अर्धवेळ शिकवत होते. (अजून अर्धवेळच शिकवते, पण ते रडगाणे पुन्हा कधीतरी!) माझ्या तर्जनीला शाई होतीच, पण शेजारच्या मधल्या बोटालाही तशीच ठसठशीत रेघ. मुलांना वाटले, बाईंनी काहीतरी लबाडी केली.

"एक माझं आणि एक आमच्या मिस्टरांचं," मी म्हटले. "ते सैन्यात आहेत ना, त्यांच्या वतीने मी दिलं."

"मग त्यांना पाहिजे त्यालाच दिलं का?"

मुले कुठे बोट ठेवतील काही सांगता येत नाही. "पेपर लिहा," एवढेच मी म्हटले.

तुमच्यापैकी पुष्कळजणींना हा प्रकार ठाऊक नसेल. मलाही नव्हता. आमच्या ह्यांची नोकरी तोफखान्यात. त्या वर्षी ते काश्मीरमध्ये होते आणि मी दोन लहान मुलांसह सासरी, देवळालीगावात. पोस्टाच्या मतपत्रिकेचा अनुभव आम्ही २००९ मध्ये घेतला होता. तेव्हा मी नवी नवरी, ह्यांच्यासोबत जालंधरच्या क्वार्टरमध्ये. मतपत्रिका आली तेव्हा निकाल लागून चार दिवस झाले होते! म्हणून या वेळी ह्यांनी दुसरा मार्ग धरला. २००३ मध्ये कायद्यात अशी सोय झाली आहे, की सैनिकाला आपल्या गावातल्या एखाद्या माणसाला आपल्या वतीने मत द्यायला नेमता येते. त्याचा १३-एफ नावाचा फॉर्म असतो. त्यावर ह्यांनी तिकडे कमांडिंग ऑफिसरसमोर सही केली आणि फॉर्म मला पाठवला. मग धाकट्याला कडेवर घेऊन मी सी.बी.एस.जवळच्या कोर्टात गेले. तिथे वकिलांची टेबले मांडलेली असतात, त्यातल्या एका नोटरीसमोर मी सही केली आणि कागद निवडणुकीच्या कचेरीत नेऊन दिला. असे मत द्यायला येणाऱ्याच्या मधल्या बोटाला शाई लावायची, असा नियमच आहे. आपले मत तर्जनीवर, दुसऱ्याचे मधल्या बोटावर!

आता त्या मताबद्दल. फौजी माणूस राजकारण बोलत नाही, हे तुम्ही ऐकले असेल. आमच्या घरात ते अगदी अक्षरशः खरे होते. आर्मी ॲक्ट १९५० चा आणि त्याखालचे नियम १९५४ चे. नोकरीत असलेल्या माणसाने मत जरूर द्यावे, पण सभेला जाऊ नये, प्रचार करू नये, उभे राहू नये. हे सुट्टीवर आले की कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवरही थांबत नसत, कारण तिथे चर्चा रंगायच्या. त्यामुळे मतदानाच्या आधीच्या रविवारी फोन आला, तेव्हा पक्षाचे नाव त्यांच्या तोंडून निघेना. शेवटी मी पेपर समोर घेतला आणि उमेदवारांची नावे एकामागून एक वाचत गेले. एका नावाला ते म्हणाले, "हां, हेच."

का, ते मला विचारावे लागले नाही. त्या वर्षी प्रत्येक फौजी घरात एकच विषय होता, 'वन रँक वन पेन्शन'. एकाच हुद्द्याचे, तितकीच वर्षे नोकरी केलेले दोन सुभेदार. एक १९९५ ला घरी आला, दुसरा दहा वर्षांनी. पहिल्याची पेन्शन कमी, दुसऱ्याची जास्त. भाजी दोघांनाही त्याच भावाने मिळते! सप्टेंबर २०१३ मध्ये, पंतप्रधानपदासाठी नाव जाहीर होऊन दोनच दिवस झाले होते तेव्हा, नरेंद्र मोदींनी रेवाडीला माजी सैनिकांची मोठी सभा घेतली होती. फेब्रुवारी २०१४ च्या अंतरिम बजेटात चिदंबरम यांनीही त्यासाठी पाचशे कोटी जाहीर केले. पण ह्यांचे आणि ह्यांच्या दोस्तांचे मन तोवर बनले होते.

आमचे सासरे, आप्पा, हे स्वतः तो १९९५ ला घरी आलेला सुभेदार. म्हणजे कमी पेन्शनची झळ त्यांना! तरी त्यांचे मत उलट. याचे कारण यशवंतराव चव्हाण. चीनच्या लढाईत १९६२ च्या नोव्हेंबरात यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३ मध्ये लोकसभेवर निवडून आले ते आमच्या नाशिकमधून, तेही बिनविरोध. आप्पा तेव्हा तेरा वर्षांचे, निफाडकडच्या खेड्यात शाळेत जाणारे. "देशाचा संरक्षणमंत्री आपला खासदार!" हे सांगताना आजही त्यांचा आवाज बदलतो. १९६९ ला ते भरती झाले, १९७१ ची लढाई पाहिली. त्यामुळे आधी यशवंतराव, मग इंदिराबाई, मग यशवंतरावांच्या तालमीत तयार झालेले पवारसाहेब, अशी त्यांची सरळ ओळ. नाशिकला २०१४ मध्ये त्या बाजूचे उमेदवार घड्याळाचे होते. आप्पांचे ठरलेलेच होते.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी आप्पांनी मला ओट्यावर बोलावले.

"सूनबाई, उद्या त्याचंही मत आपल्यातच टाक."

"अहो आप्पा, पण ते तर म्हणाले..."

"तो बसलाय तिकडे बर्फात. त्याला इथलं काय कळतंय? नळाला पाणी किती वाजता येतं, कांद्याला काय भाव मिळतो, हे आपल्याला ठाऊक. इथला खासदार इथल्या माणसांनी निवडायचा."

खोटे कशाला बोलू, मुद्दा मला पटण्यासारखा वाटला. शिवाय ह्यांनाही फोनवर वाटत होते की माझे मत आपसूक त्यांच्याच माणसाला जाणार. एकूण घरात चार मते आणि दोन्ही पुरुषांच्या हिशेबात प्रत्येकी तीन तीन! माझी स्वतःची बी.ए.ची पदवी राज्यशास्त्र घेऊन झालेली. माझे मत काय, हे मात्र मला कुणीच विचारले नव्हते.

रात्री भाकऱ्या झाल्यावर सासूबाई तवा उतरवता उतरवता बोलल्या. त्या सहसा असल्या विषयात पडत नाहीत.

"मला शहाण्णव सालापर्यंत मत कसं देतात तेच ठाऊक नव्हतं बघ. क्वार्टरमध्ये पाकीट यायचं. हे म्हणायचे, इथे सही कर. मी करायची. खूण तेच करून टाकायचे. घरी आल्यावर पहिल्यांदा स्वतःच्या हातात शिक्का घेतला तेव्हा माझा हात कापला. आता तुझ्याकडे दोन आलीत, तर दोन्ही नीट दे."

एवढे बोलून त्या झोपायला गेल्या.

जाता जाता एक सांगते. सैनिकाबरोबर राहणारी त्याची बायको सैनिक मतदारांच्याच यादीत येते, हे आपल्या कायद्यात पूर्वीपासून आहे. पण त्यात शब्द होता 'पत्नी'. डॉक्टर-नर्स पूर्वीपासून होत्याच, पण १९९२ पासून मुली इतर शाखांतही अधिकारी होऊ लागल्या, त्यांच्या नवऱ्यांना ही सोय नव्हती. डिसेंबर २०२१ मध्ये संसदेने 'पत्नी'च्या जागी पती-पत्नी दोघांनाही लागू पडेल असा शब्द घातला. एक शब्द बदलायला एकोणतीस वर्षे लागली!

तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्रावर गेले. मतदान अधिकाऱ्याने यादी दोनदा उलटसुलट पाहिली, तेव्हा ह्यांचे नाव सापडले. आधी माझे मत दिले. ते मला हव्या त्या माणसाला, कुणालाही न विचारता. मग मधल्या बोटाला शाई लावून घेतली आणि पुन्हा पुठ्ठ्याच्या आडोशाला गेले. या खेपेला हात अडला. ह्यांचा माणूस मला अजिबात पसंत नव्हता. आप्पांचा मुद्दा कानात होता. बटण दाबणार मी, बघणारे कुणी नाही, ह्यांना कधीही कळणार नाही. तरी फोनवरचे ते "हां, हेच" ऐकू येत होते. बिचाऱ्याने नावसुद्धा घेतले नव्हते. मशीनचा तो लांब आवाज झाला तेव्हा मी ह्यांच्याच बटणावर बोट दाबून उभी होते.

घरी आल्यावर आप्पांनी विचारले, "काय, दिलंस ना?" मी म्हटले, "दिली आप्पा, दोन्ही दिली." त्यांनी पुढे विचारले नाही. त्यांना काय समजायचे ते त्यांनी समजून घेतले असावे.

तेव्हापासून टीव्हीवर कुणी ठासून म्हणाले की फौजेची मते अमक्यालाच जातात, की मला हसू येते. अहो, कशावरून? पोस्टाने आलेली मते मोजताना निवडणुकीच्या कामावरच्या मास्तर-क्लार्कांच्या मतांबरोबरच मोजली जातात. आणि माझ्यासारखीने दिलेले मत तर मशीनमध्ये गावाच्या मतांत मिसळून गेले. अमेरिकेत म्हणे निवृत्त सैनिकांच्या पाहण्या होतात आणि त्यांचा कल रिपब्लिकन पक्षाकडे जास्त दिसतो. आपल्याकडे जो तो आपल्या सोयीने बोलतो.

पुढे हे २०२१ मध्ये वीस वर्षे पुरी करून हवालदार म्हणून घरी आले. सध्या सातपूरला एका कंपनीत सिक्युरिटीचे काम बघतात. आणि मैत्रिणींनो, वीस वर्षांचे मौन सुटले! सकाळच्या चहापासून बापलेकांची जुंपते. वन रँक वन पेन्शन ५ सप्टेंबर २०१५ ला पर्रीकरांनी जाहीर केली, त्याचे श्रेय हे त्यांच्या पक्षाला देतात. आप्पा म्हणतात, "मग त्याच नोव्हेंबरात दिल्लीच्या जंतर-मंतरवर म्हातारे सुभेदार मेडल परत करायला का बसले होते?" हे म्हणतात, "जवानाची पेन्शन १९७३ ला सत्तर टक्क्यांवरून पन्नासवर कुणी आणली? तुमच्याच इंदिराबाईंच्या राज्यात ना?" यावर आप्पांकडे उत्तर नसते. मग ते चहा फार गोड झाला म्हणून माझ्यावर घसरतात.

पण हा कल घराघरांत वेगळा, हे आता मला जवळून दिसते. ह्यांचे जोडीदार घरी येतात. पेन्शन एक, कॅन्टीनचे कार्ड एक, पण विचार बारा गावचे. सिन्नरकडचे एक भाऊजी २०२२ च्या अग्निपथपासून सरकारवर बिनसलेले आहेत. त्यांचा मुलगा पहाटे चारला उठून धावायचा आणि आता चार वर्षांनी शंभरातले पंचवीसच ठेवणार म्हणतात. दुसरे एक महार रेजिमेंटचे. बाबासाहेबांच्या खटपटीने १९४१ मध्ये ती रेजिमेंट उभी राहिली, हे ते प्रत्येक भेटीत सांगतात आणि प्रत्येक पक्षाला त्याच मापाने मोजतात. तिसऱ्यांच्या मते सगळेच चोर. त्यांच्या बायका मात्र माझ्याबरोबर स्वयंपाकघरात असतात आणि पोह्यांवर कोथिंबीर घालता घालता वेगळेच काहीतरी बोलतात. ते बाहेर जात नाही.

२०२४ च्या निवडणुकीत खरा पेच आला. दोन तरुण कार्यकर्ते दारात. ह्यांचा वर्दीतला, मेडल लावलेला फोटो पाहिजे, फ्लेक्सवर घालायला, उमेदवाराच्या शेजारी. ह्यांचा चेहरा खुलला. मला वाईट वाटले ते यासाठी, की पेन्शनीवर आल्यापासून इतक्या मानाने त्यांना कुणी काही मागितले नव्हते. कंपनीच्या गेटवर तर साहेबांच्या गाडीला सलाम ठोकणे हेच काम.

आप्पा ओट्यावरून उठून आत आले. "फोटो मिळणार नाही."

"आप्पा, मी आता नोकरीत नाही."

"तू नाहीस, पण वर्दी आहे. तुझ्या बटालियनमधली उरलेली पोरं तीच घालून उभी आहेत. त्यातली निम्मी दुसऱ्याला मत देतील."

निवडणूक आयोगानेही पक्षांना सैनिकांचे फोटो प्रचारात वापरू नका म्हणून २०१३ मध्ये कळवले आणि २०१९ च्या मार्चमध्ये पुन्हा बजावले, हे मला ठाऊक होते. मी ते हळूच सांगितले. कार्यकर्ते म्हणाले, "ताई, सगळेच वापरतात." ते काही खोटे नव्हते. २०१९ मध्ये दीडशेहून जास्त निवृत्त अधिकाऱ्यांच्या नावाने याच बाबतीत राष्ट्रपतींना पत्र गेले, तर त्यातल्या काहींनी आपण सही केलीच नाही म्हणून सांगितले. मोठमोठ्या जनरलांचे एकमत होत नाही, तिथे आमच्या घरचे काय होणार!

ह्यांनी फोटो दिला नाही. सभेला मात्र गेले, साधा शर्ट-पँट घालून. पहिल्या रांगेत बसायला मिळेल अशी आशा होती, पण मागे उभे राहावे लागले म्हणतात. आप्पा आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. मला विचाराल तर सभेला जाणे हा त्यांचा हक्क होता. वीस वर्षे गेले नव्हते.

२० मे २०२४ ला आम्ही चौघे मिळून मतदानाला गेलो. ऊन मरणाचे होते. परतताना ह्यांनी आपल्या बोटावरची शाई बघत मला हळूच विचारले,

"त्या वेळी, मी काश्मीरला होतो तेव्हा, माझं मत खरंच मी सांगितलं तिथेच दिलं होतंस ना?"

"हो."

"आणि तुझं?"

सासूबाई पुढे चालल्या होत्या. त्यांनी मागे वळून पाहिले आणि म्हणाल्या, "चला लवकर, दूध तापवायचं राहिलंय."