पटाचारेला आपल्या चाळीत खोली मिळेल का?

विहारात पौर्णिमेच्या वंदनेनंतर आम्ही भगिनी कधी कधी पटाचारेची कथा सांगतो. नवरा सर्पदंशाने गेला. दोन लेकरांपैकी एकाला घारीने नेले, दुसरे नदीत वाहून गेले. माहेरचे घर कोसळून आईबाप आणि भाऊही गेले. पटाचारेचे भान हरपले. अंगावरच्या वस्त्राचीही शुद्ध राहिली नाही. लोक तिला वेडी म्हणून हाकलू लागले. ती जेतवनाकडे आली तेव्हाही लोकांनी अडवले. पण तथागतांनी तिला येऊ द्यायला सांगितले. कुणीतरी तिच्या अंगावर वस्त्र टाकले. पुढे हीच पटाचारा विनय जाणणाऱ्या भिक्खुणींमध्ये अग्रगण्य ठरली.

कथेतली एक गोष्ट मात्र आपण घाईघाईने सोडून देतो. उपदेश ऐकून पटाचारा पुन्हा रस्त्यावर गेली नाही. भिक्खुणी संघात तिला राहायला जागा मिळाली आणि सोबतही मिळाली.

आपल्या डोंबिवलीत स्टेशनच्या पुलावर, फलाटाच्या टोकाला अशी माणसे दिसतात. केसांच्या जटा झालेल्या, उशाशी गाठोडे, तोंडाने काहीतरी पुटपुटणे चालू. आपण वडापाव देतो, जुनी साडी देतो आणि लोकल पकडतो. कुणी म्हणते बाहेरची बाधा आहे, कुणी म्हणते मागच्या जन्माचे भोग. बाबासाहेबांच्या लेकरांनी तरी असे बोलू नये. हा टीबी किंवा साखरेसारखाच आजार आहे आणि त्याला औषध आहे.

डोंबिवलीहून ज्या कर्जतला आपली लोकल जाते, तिथे हे काम चालते. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या पतिपत्नींनी १९८८ मध्ये श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन सुरू केले. रस्त्यावरच्या मनोरुग्णाला आणायचे, आंघोळ, जेवण, औषध द्यायचे, आणि त्याला गावाचे नाव आठवले की थेट घरी पोचवायचे. अशी हजारो माणसे घरी परतली. २०१८ मध्ये डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पण ज्याला घरच उरले नाही, किंवा घरचे दार उघडत नाहीत, त्याने कुठे जायचे? ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालते. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासूनचे. अशा रुग्णालयांत बरी झालेली माणसेही केवळ न्यायला कुणी येत नाही म्हणून वर्षानुवर्षे राहतात.

यावरचा उपाय फार साधा आहे. चेन्नईच्या ‘द बॅनियन’ या १९९३ पासूनच्या संस्थेने २०१५ मध्ये ‘होम अगेन’ सुरू केले. साध्या वस्तीत भाड्याचे घर घ्यायचे. चार-पाच जणींनी एकत्र राहायचे, स्वयंपाक करायचा, बाजारहाट करायची. सोबतीला मदतनीस बाई असते, औषधपाण्याकडे लक्ष असते. आपल्या रत्नागिरीतही हे काम पोचले आहे. फिनलंडने तर २००८ पासून ‘आधी घर, मग बाकीचे’ हेच धोरण धरले. डोक्यावर छप्पर असले की औषध वेळेवर घेता येते, झोप लागते, माणूस सावरतो.

आमच्या मंडळात हा विषय निघाला तेव्हा एका ताईंनी विचारले, “पण शेजारच्या खोलीत अशा बाया आल्या तर? पोरंबाळं आहेत घरात.” प्रश्न खरा होता. कुणी हसले नाही.

मला मात्र आमची खोली शोधायची वर्षे आठवली. मालक आधी आडनाव विचारी, मग “खोली गेली” म्हणे. आणि पंधरा दिवसांनी दारावर पाटी तशीच लटकत असे. १९१७ मध्ये बडोद्याला खुद्द बाबासाहेबांना काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले. एवढ्या विद्वान माणसाला त्या शहरात निवारा मिळाला नाही. भीती आणि किळस दाखवून माणसाला दारातून परतवणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. त्या ताईंना मी एवढेच म्हटले, “घर एकट्या बायांवर सोडलेले नसते, सोबतीण असते, डॉक्टर असतो. आधी जाऊन पाहू या.”

कायदाही आपल्या बाजूला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा माणसाला समाजात राहण्याचा हक्क दिला. कुटुंब नाही म्हणून त्याला रुग्णालयात डांबून ठेवता येत नाही. रस्त्यावर भान हरपलेला माणूस दिसला तर त्याला ताब्यात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात तपासणीला नेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, आणि त्याच्या घरच्यांचा शोधही पोलिसांनीच घ्यायचा असतो.

तेव्हा पुढच्या वेळी साडी देऊन थांबू नका. दोघी-तिघी मिळून पोलीस ठाण्यात जा, हा कायदा सांगा, नोंद करायला लावा. प्रत्येक विहाराने महापालिकेकडे अशा घरांची लेखी मागणी करावी. आणि आपल्या चाळीत असे घर सुरू झाले, तर पहिल्या दिवशी भाजी-भाकरीचा डबा घेऊन शेजारणीसारखे जावे.

जयभीम!