आप्पांचा जबडा

आप्पांची पहिली कवळी दिसायला झकास होती. पण जेवायला बसले की घोटाळा होई. घास एका बाजूला गेला की दुसरीकडून कवळी उचले आणि 'खट्' असा आवाज होई. नातवंडे हसत. महिन्याभरात आप्पा म्हणू लागले, "तुम्ही बसा, मी मागाहून बसतो." मागाहून म्हणजे एकटे, भिंतीकडे तोंड करून, दूधभात! वयाला हे चालायचंच, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

गेल्या दिवाळीच्या आधी त्यांना दुसऱ्या दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरीणबाई जुनी कवळी निरखून म्हणाल्या, "ही अडकित्त्यावर बेतलेली दिसते!" म्हणजे नुसत्या उघडमीट करणाऱ्या बिजागरीवर. आपला जबडा थोडा अडकित्ता आणि बराचसा जाते. कानापुढे बोट ठेवून तोंड उघडून पाहा. सांधा फिरतो आणि पुढे, खाली घसरतोही. उजवीकडे चावताना डावा सांधा पुढे, खाली आणि किंचित आत सरकतो. (हे लिहिताना मी चावून पाहिले, तर सौभाग्यवतींनी विचारले, "काय चरताय?")

ही चाल वठवणाऱ्या यंत्राला आर्टिक्युलेटर म्हणतात. अमेरिकेतल्या बॉनविल नावाच्या दंतवैद्याने १८५८ साली असे यंत्र केले. दोन सांधे आणि खालच्या पुढच्या दातांमधला बिंदू यांचा चार इंची समभुज त्रिकोण त्याने धरला. पण सगळ्यांचे जबडे एका मापाचे कुठले? म्हणून बाईंनी आप्पांच्या तोंडाला धनुष्यासारखी एक दांडी लावली आणि वरचा जबडा सांध्यांपासून कुठे, कसा आहे ते टिपले. मग खालचा जबडा पुढे काढून मेण चावायला लावले आणि त्यावरून यंत्रातला सांध्याचा उतार ठरवला.

आठवड्याने गेलो तेव्हा आप्पांचे जबडे प्लास्टरचे होऊन टेबलावर होते. यंत्रात हलतो तो वरचा भाग. बाईंच्या परवानगीने मी तो हळूच डावीकडे सरकवला. मेणात रोवलेले दात दोन्हीकडे टेकून राहिले. बाप कसा चावतो ते मी कित्येक महिन्यांत पाहिलेच नव्हते, हे तेव्हा ध्यानात आले. मान वर करवेना.

"यंत्राला विचार," आप्पा म्हणाले, "चकली झेपेल का?"

झेपली, पण लगेच नाही. रंगीत कागद चाववून बाईंनी दोनदा दात घासून दिले. लक्ष्मीपूजनाला आप्पा पंक्तीत बसले. चकलीचा बेताचा तुकडा त्यांनी तोंडात टाकला. आम्ही सगळे कान देऊन बसलो होतो.

"काय ऐकताय?" ते खेकसले. "वाढा आणखी!"