पाटल्या

आई गेल्यावर तिसऱ्या महिन्यात तिची ट्रंक उघडली. लुगड्यांच्या घड्यांखाली पत्र्याचा लांबट डबा होता. झाकण निघालं, भीमसेनी कापराचा वास आला आणि मी तिथेच खाली बसलो. आत माझी जन्मपत्रिका होती. पिवळी पडलेली, चारी कोपऱ्यांना कुंकवाची बोटं. ती उलगडण्याआधीच मला त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडाच्या ओल्या पायऱ्या दिसल्या आणि माझं मनगट घट्ट धरलेला आईचा हात. त्या हातात पाटल्या नव्हत्या.

१९८९ चा पावसाळा. मी अकरा वर्षांचा. घसा धरायचा, ताप चढायचा, मग गुडघे-घोटे सुजायचे. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, या तापाने हृदयाच्या झडपा बिघडतात. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, एकही चुकवायचं नाही. त्याच महिन्यात एका ज्योतिष्याने पत्रिकेवर बोट ठेवलं. मुलाला कालसर्प आहे, शांत केली नाही तर... पुढचं वाक्य त्याने अर्धंच सोडलं. त्या अर्ध्या वाक्यासाठी मी त्याला अजून क्षमा केलेली नाही. पुरतं बोलला असता तर आईला निदान त्याच्याशी भांडता आलं असतं. उरलेलं वाक्य ती रात्र रात्र जागून स्वतःच पुरं करत राहिली.

पाटल्या तिच्या माहेरच्या होत्या. येवल्याच्या बाजारात गेल्या आणि परत आल्या नाहीत. नाशिकच्या जुन्या सीबीएसवरून आम्ही त्र्यंबकची एसटी धरली. मामा, आई आणि मी. ब्रह्मगिरी ढगात बुडालेला. पायऱ्यांवर शेवाळ. पुढचा विधी मला फारसा आठवत नाही. आठवतो तो तिचा हात.

मोठेपणी मी या योगाच्या मागे लागलो. राहू आणि केतू यांच्या एका बाजूला सगळे ग्रह आले, की कालसर्प. वराहमिहिराच्या 'बृहज्जातक' या जुन्या ज्योतिषग्रंथात हा योग सापडत नाही. २००८ साली खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी जाहीर केली. शंभर हुशार मुलं आणि शंभर मतिमंद मुलं, अशा दोनशे पत्रिका. त्यांतल्या चाळीस-चाळीस ज्योतिष्यांकडे पाठवल्या आणि विचारलं, यातली कुठली पत्रिका कुणाची? सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरं दिली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती. हे वाचलं तेव्हा मी आईला फोन केला होता. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवलास का?"

त्र्यंबकच्या त्याच ब्रह्मगिरीची एक कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ज्ञानेश्वरांचे आईवडील, विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई, मुलांना घेऊन प्रदक्षिणा करत होते. वाघ आला, पळापळ झाली, निवृत्ती चुकला आणि गहिनीनाथांच्या गुहेत पोचला. तिथे त्याला गुरू मिळाला. आपण म्हणतो, ते तसंच व्हायचं होतं. पण ही गोष्ट आपण नेहमी मुलाच्या बाजूने सांगतो. रानात मुलगा दिसेनासा झाल्यावर रुक्मिणीबाईंनी काय केलं असेल? देवाची योजना असेलही, पण त्या घडीला ती रुक्मिणीबाईंना कुणी सांगितली नव्हती. तिच्यासमोर फक्त रान होतं, आणि हाका मारायला तिचा गळा.

गेल्या आठवड्यात मी त्र्यंबकला गेलो. आमच्या तीर्थोपाध्यायांच्या नातवाने गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि नामावळी काढली. आजोबांची मोडीतली सही होती. दोन पानांनंतर १९८९. त्या दिवशी सही करायला मामाने हात पुढे केला होता, पण टाक आईने घेतला, हे मला ते पान बघून आठवलं. चौथी शिकलेली बाई. नाव, गाव, आणि पुढे एकच शब्द : 'मुलासाठी'. अक्षर वाकडं, पण खोडाखोड कुठे नाही.

"नशिबात असेल ते होईल," हे आई जन्मभर म्हणत राहिली. पण एक दिवस स्वस्थ बसली नाही. शांत केली, आणि दर एकवीस दिवसांनी मला घेऊन दवाखान्याच्या रांगेतही उभी राहिली. गावची एसटी चुकली तर ट्रॅक्टरवर बसून. वर्षानुवर्षं. एकही इंजेक्शन चुकलं नाही. माझ्या झडपा आज धड आहेत. नियती आहे की नाही, या प्रश्नावर मी पुष्कळ वाचलं. आईइतकं खरं उत्तर कुठे मिळालं नाही. तिने नियती मानली आणि तिच्यापुढे हात मात्र टेकले नाहीत. माझ्या पत्रिकेत बारा घरं आहेत. त्या पाटल्यांना त्यात जागा नाही, एकवीस दिवसांच्या त्या फेऱ्यांनाही नाही.

नामावळीत तिच्या सहीखाली मी तिच्या निधनाची तिथी लिहिली, माझं नाव लिहिलं. पत्रिका पुन्हा कापराच्या डब्यात ठेवली. ती तिची वस्तू आहे, मी टाकणार नाही.

एवढंच मागणं आहे. तुमच्या मुलाच्या पत्रिकेत कुणी दोष दाखवला, तर आधी मुलाला डॉक्टरकडे न्या. आणि मग तुमचं मन मानेल ते करा. पण घरातल्या बाईच्या हातातलं सोनं त्यासाठी उतरू देऊ नका.